दोन पायऱ्या पुढची



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तऱ्हेचे निरोप सुरू होतात. एक पेढ्यांचे फोटो, आणि दुसरा गुणगौरव समारंभाचा. गुणपत्रिकेची झेरॉक्स अमुक तारखेच्या आत मंदिराच्या ऑफिसात आणून द्यावी, ७५ टक्क्यांच्या वरच्यांनीच द्यावी, वगैरे. आमच्या महिला मंडळाची मी बारा वर्षं खजिनदार होते, त्यामुळे या समारंभाचा हिशोब मला तोंडपाठ आहे. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फ्लेक्स, मांडव, जेवण. सगळ्यात शेवटी मुलीच्या हातात पडतं ते पाकीट. त्याची रक्कम फ्लेक्सपेक्षा कमी भरते, हे मी एका वर्षी जमाखर्च वाचताना मोठ्यानं वाचलं होतं. हशा झाला आणि पुढचा विषय निघाला.

समारंभाला माझा विरोध नाही. आपली मुलगी स्टेजवर चढते, आजी पदरानं डोळे पुसते, हे व्हायलाच पाहिजे. पण ५८ टक्केवाली झेरॉक्स द्यायला येतच नाही. आणि ९० टक्केवाली? तिला जुलैमध्ये कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, कुठला दाखला लागतो, कुणाला विचारायचं, हे त्या शालीत बांधून देता येत नाही.

मी वाणिज्य शाखेची, आकडा दिसला की थांबते. २००१ च्या जनगणनेचे धर्मवार आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा आपण सगळ्यांनी एक आकडा अभिमानानं फिरवला होता. जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, सगळ्या मोठ्या धर्मांत पहिली. देशातल्या सगळ्या स्त्रियांची मिळून ५३.७ होती. त्याच अहवालातला दुसरा आकडा मात्र कुणी फिरवला नाही. काम करणाऱ्या म्हणून नोंद झालेल्या जैन स्त्रिया शंभरात ९.२, सगळ्या मोठ्या धर्मांत शेवटच्या. देशाची सरासरी २५.६ होती. आता घरची भाकरी, सासऱ्यांच्या गोळ्या, पर्युषणातलं शंभर माणसांचं पारणं हे जनगणना कामात धरत नाही, तो वाद वेगळा आणि तो मी घालीनही एकदा. पण शिकण्यात पहिल्या आणि शिकलेलं वापरण्यात शेवटच्या, हे कसं झालं याचा विचार करायला हवा.

माझ्यापुरतं सांगते. १९८३ साली मी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर बाई. सगळ्यांनी कौतुक केलं, वडिलांनी घड्याळ घेतलं. पुढे काय, हे सांगणारं मात्र कोणी नव्हतं. सी.ए. नावाची परीक्षा असते आणि ती बाईला देता येते हे मला माहीत होतं, पण ती देणारी एकही बाई ओळखीत नव्हती. मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ सालीच हिशेबनीसाची परीक्षा पास होऊन या धंद्यातल्या देशातल्या पहिल्या बाई ठरल्या होत्या, हे मी साठी ओलांडल्यावर वाचलं. पण तेव्हा कळलं असतं तरी काय उपयोग होता? मद्रास लांब, आणि १९३३ त्याहून लांब. मला त्या वेळी शेजारच्या गल्लीतली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, नुकतीच फॉर्म भरून आलेली मुलगी हवी होती.

ही दोन वर्षांनी मोठी मुलगी म्हणजे काय चीज असते, ते मी गेल्या चार-पाच वर्षांत माझ्या घराच्या माडीवर बघितलं. तेच आज लिहिते. मुलींची नावं देत नाही, त्यांना अजून इथेच राहायचं आहे. एकीला मोठी म्हणू, एकीला धाकटी.

मोठी आपल्याच समाजाची, शिरोळ तालुक्यातली. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना जैन म्हटलं की पेढी नाहीतर सोन्याचं दुकान दिसतं. आमच्या भागातला जैन ऊस लावतो, म्हशी राखतो, भाजी बाजारात नेतो. मोठीच्या वडिलांची अडीच एकर शेती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आतल्या कागदांचा लगदा. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा, सगळं. दहावीच्या वर्षात या मुलीनं एकटीनं फिरून एकेक कागद पुन्हा काढला. पुढे मामाकडे इचलकरंजीला राहून बी.कॉम. केलं, बरोबरीनं सी.ए.चा पहिला टप्पा, मग दुसरा. आता एका ऑफिसात आर्टिकलशिप चालू आहे. बारावीला असताना मंदिरातल्या पाठशाळेच्या निमित्तानं ती माझ्याकडे येऊ लागली, आणि माडीवर शांतता मिळते म्हणून तिथेच अभ्यासाला बसू लागली.

धाकटीची आई आमच्या मागच्या गल्लीतल्या कारखान्यात कांड्या भरते. वडील मागावर, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची तर एक रात्रीची. घर मुसलमानांचं, मूळचे कर्नाटकातले. दहावीच्या पुढे त्या घरातलं कोणी गेलेलं नव्हतं. मुलगी मराठी शाळेत शिकली आणि बारावी कॉमर्सला चांगले मार्क पडले. तिची आई माझ्याकडे आली ती मुलीच्या शिक्षणासाठी नव्हे, ओळखीच्या दुकानात हिशोबाला लावता का, असं विचारायला. मोठी तेव्हा माडीवरून खाली पाणी प्यायला आली होती. तिनं मार्क विचारले आणि म्हणाली, "मावशी, दुकानात कुणीही जाईल. हिला रविवारी माझ्याकडे पाठवा."

मी त्यात काहीच केलं नाही. मला सांगता आलं असतं ते एवढंच, की शीक बाई, शिक्षण चांगलं असतं. ते तिनं शाळेच्या भिंतीवर रोज वाचलं होतं.

पहिलं काम निघालं शिष्यवृत्तीचं. महाडीबीटीवर फॉर्म भरला, मंजूर झाला, पैसे जमा झाल्याचं संकेतस्थळ सांगत होतं आणि पासबुकात एक रुपया नव्हता. धाकटीची आई बँकेत तीन खेपा घालून आली. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. काउंटरवरच्या माणसानं "आमच्याकडे नाही आले" एवढंच सांगितलं, आणि ते खरंही होतं. मी सुचवलं, तक्रार अर्ज करू, मी चांगल्या भाषेत लिहून देते. मोठीनं मला थांबवलं. "काकू, तिचं शाळेत असताना दुसरं खातं काढलं होतं का ते आधी विचारा." होतं. सहावी-सातवीत कुठल्याशा योजनेसाठी शाळेनं शून्य रकमेचं खातं काढून दिलं होतं, त्याचं पासबुकही घरात कुणाला आठवत नव्हतं. सरकारी पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातोच असं नाही, आधारला ज्या खात्याची जोडणी सगळ्यात शेवटी झालेली असते त्यात जातो. पैसे तिथे जाऊन बसले होते. मोठीला हे कुठून कळलं? पूरग्रस्तांचं अनुदान तिच्या आईच्या असल्याच विसरलेल्या खात्यात जाऊन पडलं होतं म्हणून.

मैत्रिणींनो, माझी बी.कॉम.ची पदवी, बारा वर्षांची खजिनदारी, आणि माझ्या मुलाची बँकेतली नोकरी, यातलं काहीही त्या दिवशी कामाला आलं नाही. आपल्याला ते माहीत नसतं कारण आपल्यावर ती वेळ आलेली नसते.

मग सुरू झाली वही. ही वही मला फार आवडते म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते. सी.ए.चे पेपर इंग्रजीत लिहा नाहीतर हिंदीत, मराठीची सोय नाही. मराठी माध्यमाच्या मुलीला कॉमर्स येत असतं, फक्त ते दुसऱ्या नावांनी येत असतं. डेप्रिसिएशन म्हटलं की ती दचकते, घसारा म्हटलं की फळ्यावर जाऊन सोडवून दाखवते. लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, डेटर म्हणजे ऋणको. हे शब्द मला माझ्या वडिलांच्या दुकानापासूनचे ओळखीचे. रोजमेळ रात्री जुळला नाही तर आमच्याकडे माणसं झोपत नसत.

पण खरा घोळ कायद्याच्या पेपरला. १८७२ चा करार कायदा. त्यात कन्सिडरेशन हा शब्द पानोपानी. धाकटीनं शब्दकोशात बघून त्याचा अर्थ लिहिला होता, विचार करणे. त्या अर्थानं तिनं अख्खं प्रकरण पाठ केलं होतं. दोन माणसांनी करार करण्यापूर्वी नीट विचार केला पाहिजे, असं ती मला समजावून सांगत होती, आणि ऐकायला ते इतकं शहाणपणाचं वाटत होतं की मीही मान डोलावली. मोठी खो खो हसली. म्हणाली, "मी पण हेच लिहिलं होतं गं पेपरात." कायद्यात त्याचा अर्थ प्रतिफल, म्हणजे देण्याच्या बदल्यात मिळणारं. त्या दिवशी तिनं धाकटीच्या वहीला मधोमध रेघ मारली. डावीकडे शब्दकोशातला अर्थ, उजवीकडे पेपरातला. गुडविलच्या समोर डावीकडे सदिच्छा, उजवीकडे ख्याती. इंटरेस्टच्या समोर डावीकडे आवड, उजवीकडे व्याज. प्राध्यापकाला ही वही सुचली नसती. कन्सिडरेशनचा अर्थ विचार करणे असा वाटू शकतो हे तो पंचवीस वर्षांपूर्वीच विसरलेला असतो. मोठीला तिच्या घसरण्याची जागा अजून आठवत होती.

रविवारी दुपारी चार ते सहा बसायचं असं ठरलं. सूर्यास्ताच्या आत आमच्याकडे जेवणं होतात, त्यामुळे उठता उठता दोघी पाटावर. भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी. धाकटीनं पहिल्या घासाला विचारलं, "काकू, लसूण राहिला का घालायचा?" मोठीनं डोळे वटारले. मी सांगितलं, राहिला नाही, आमच्यात चालत नाही. पुढच्या रविवारी ती आईला सांगून आली की काकूंची चटणी अशीच असते, आणि दोनदा घेतली. आमच्या यजमानांना सुरुवातीला हे पाटाला पाट लावून बसणं जरा अवघड गेलं. ते काही बोलले नाहीत, पहिले दोन रविवार आधीच जेवून घेतलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी धाकटीला पाढे विचारले. एकोणतीसचा पाढा तिनं न अडखळता म्हटला. त्यानंतर ते पंगतीला असतात.

परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा धाकटीचे वडील अडले. पेपर दुपारी दोनला सुरू होतात, पहिले दोन पाच वाजता सुटतात, थंडीचे दिवस, यायला अंधार. मी गेले त्यांच्याकडे. रात्रपाळी करून उठलेला माणूस, डोळ्यात झोप. म्हणाले, "काकू, तुमचं खरं हाय, पन येकटी पोरगी?" मी बोलायला तोंड उघडणार, तर धाकटीच म्हणाली, "एकटी कुठं, अक्का हाय की." अक्का हा आपल्याकडचा शब्द, त्यांच्या घरात थोरलीला दुसरं काही म्हणतात. तो तिनं कधी उचलला मला कळलंही नाही. वडिलांनी अक्काला बोलावून घेतलं, बापानं सोयरिकीत विचारावेत तसे प्रश्न विचारले. बाप काय करतो, शेती किती, तू स्वतः किती वाजता घरी जातेस, तुझ्या घरचे काय म्हणतात. शेवटच्या प्रश्नावर मोठीनं आपला मोबाइल पुढे केला आणि वडिलांना फोन लावून दिला. दोन बाप दहा मिनिटं ऊस, सूत आणि विजेचं बिल यावर बोलले. फॉर्म भरला गेला.

निकाल लागला आणि धाकटी नापास.

फाउंडेशनचा नियम असा, की चार पेपर शंभर शंभरचे, प्रत्येकात किमान ४०, आणि एकूण ४०० पैकी किमान २००. तिला अकाउंट्समध्ये ५१, कायद्यात ४१, गणितात ४३, अर्थशास्त्रात ५३. चारही पेपर पार, बेरीज १८८. बारा मार्क कमी. कायद्याच्या पेपरात लिहायचा वेग कमी पडून वीस मार्कांचा एक अख्खा प्रश्न कोरा राहिला होता. तिनं घरी सांगितलंच नाही. माझ्याकडेही आली नाही. मोठीला फक्त एक निरोप, "अक्का मी दुकानात जाते, तुमचा वेळ घेतला, माफ करा." आणि फोन बंद.

इथे मला वारिषेणाची गोष्ट सांगू द्या. पाठशाळेत आपण सम्यग्दर्शनाची आठ अंगं पाठ केली, त्यातलं सहावं स्थितिकरण. डळमळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणं. प्रत्येक अंगाला एकेका व्यक्तीचं उदाहरण असतं, तसं स्थितिकरणाला वारिषेणाचं. राजा श्रेणिक आणि चेलना यांचा हा मुलगा मुनी झाला, त्याच्या मागोमाग त्याचा मित्र पुष्पडाल. पण पुष्पडालाचं मन घरी, बायकोपाशी. वारिषेणानं त्याला उपदेश केला नाही. तो त्याला घेऊन सरळ आपल्या राजवाड्यात गेला. चेलनेला शंका आली, मुलगा व्रतातून ढळला की काय. तिनं दोन आसनं मांडली, एक सोन्याचं, एक लाकडाचं. वारिषेण लाकडाच्या आसनावर बसला आणि आपल्या राण्यांना सजवून समोर आणायला सांगितलं. मग मित्राला म्हणाला, हे बघ, मी हे सोडून आलोय. पुष्पडाल लाजला आणि स्थिर झाला.

गोष्ट वैराग्याची आहे, ती मी परीक्षेला लावते म्हणून महाराज कदाचित हसतील. पण लहानपणापासून मला यातली एक गोष्ट खटकायची. हे काम एखाद्या थोर आचार्यांनी का केलं नाही, बरोबरीच्या मित्राला का करावं लागलं? माडीवर जे झालं ते बघून मला त्याचं उत्तर मिळालं.

मोठी धाकटीच्या घरी गेली आणि तिला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आली. मला वाटलं आता समजावणी होणार, अपयश ही पहिली पायरी वगैरे. मी चहा टाकायला उठले. मोठीनं पिशवीतून प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, त्यात एक कागद. तिची स्वतःची फाउंडेशनची गुणपत्रिका. अकाउंट्समध्ये ३७, एकूण २०६. बेरीज पार, आणि एका पेपरात तीन मार्कांनी नापास. हा कागद तिनं आजपर्यंत मलाही दाखवला नव्हता. समाजात सगळ्यांना ती पहिल्या फटक्यात पास झाल्याचं माहीत होतं, आणि तिच्या आईनं ते तसंच राहू दिलं होतं. धाकटीनं कागद हातात घेतला, तीनदा वाचला. मग विचारलं, "मग तुम्ही काय केलं?" "चार दिवस म्हशीचं शेण काढलं आणि कुणाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी फॉर्म भरला." मग दोघी कायद्याच्या जुन्या पेपराला घड्याळ लावून बसल्या, एका प्रश्नाला किती मिनिटं ते ठरवायला. चहा तसाच निवला.

धाकटी पुढच्या खेपेला पास झाली. २३१. पण मला वाटतं पास ती त्या दिवशीच झाली होती, आणि पुढच्या खेपेलाही नापास झाली असती तरी दुकानात गेली नसती.

आता थोडं आपल्याविषयी, म्हणजे आई, सासू, मावशी, काकू या मंडळींविषयी. अशी जोडी जमली की आपल्याला मोह होतो. धाकटीच्या आईनं एकदा मोठीला बाजूला घेऊन विचारलं, ही फोनवर कुणाशी बोलते ते तुला माहीत असेल, सांगून ठेव. मोठी म्हणाली, "मावशी, तुमची मुलगी अडचणीत आहे असं मला वाटलं तर मी रात्री बारालाही तुमचं दार वाजवीन. बाकी काही सांगणार नाही." त्या माउलीला राग आला. दोन रविवार मुलगी आली नाही, आणि मला मध्यस्थीसाठी निरोप आला. मी मोठीची बाजू घेतली. स्थितिकरणाच्या आधीचं पाचवं अंग उपगूहन आहे, दुसऱ्याचं उणं झाकून ठेवणं, हे मी त्यांना कसं सांगणार? एवढंच म्हणाले, की तिनं तुम्हाला एकदा सांगितलं तर तुमची मुलगी तिला पुन्हा कधी काही सांगणार नाही, मग अडचण आली तरी दार वाजवणारं कोणी उरणार नाही. हे त्यांना पटलं. कांड्या भरणाऱ्या बाईला धागा ताणला की तुटतो हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरा मोह फुकटाचा. आमच्या मंडळात मी हा विषय काढला तेव्हा सगळ्यांना तो फार आवडला. एकीनं तर लगेच आपल्या नातवाच्या शिकवणीला मोठीला बोलावलं, "नाहीतरी ती शिकवतेच." तिसरीनं सुचवलं की समारंभात स्वयंपाकघराच्या देखरेखीला या मुली उपयोगी पडतील. मी इतिवृत्तात लिहून घेतलं, की मोठ्या मुलीकडे एका वेळी दोनच धाकट्या, आठवड्याला दोन तास, तिची स्वतःची परीक्षा असेल त्या दोन महिन्यांत पूर्ण सुट्टी, आणि येण्याजाण्याचा एसटीचा किंवा पेट्रोलचा खर्च मंडळाकडून, रोख, महिन्याच्या महिन्याला, तिला मागायला न लावता. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. सेवेचे पैसे कसे द्यायचे? मी म्हटलं, सेवेचे देऊ नका, पेट्रोलचे द्या. फ्लेक्सवाल्याला देताना आपण धर्म विचारत नाही. ठराव मंजूर झाला. ट्रॉफ्यांचा आकार एका इंचानं कमी करून पैसे निघाले.

एक आक्षेप मात्र मनापासूनचा होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं. एका वयस्कर काकूंनी विचारलं, आपल्याच गरजू मुली कमी आहेत का, की आपण बाहेरच्या मुली घ्याव्यात? त्यांचा हेतू वाईट नव्हता. समाजाचा पैसा समाजाला, हा साधा हिशोब. मी त्यांना मगनबाईंची आठवण दिली. सेठ माणिकचंदांची ही मुलगी ऐन तरुणपणी विधवा झाली. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य एका कोपऱ्यात संपायचं. वडिलांनी तिला शिकवलं, आणि मगनबाईंनी कंकुबाई आणि ललिताबाई या सोबतिणींना घेऊन मुंबईला श्राविकाश्रम उभा केला. तिथे येणाऱ्या बायकांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. त्यांना शिकवणारीनं ते दुःख पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तिथून शिकून निघालेल्या बायका ठिकठिकाणच्या पाठशाळांत शिकवू लागल्या. मी काकूंना म्हटलं, त्या तिघींना जोडणारी गोष्ट त्यांचं सोसणं होती. आपल्या मोठीला पूर आला, धाकटीच्या घरी रात्रपाळी आहे, आणि दोघींच्या घरात पुढचं सांगणारं कोणी नाही. आपली बंगल्यातली मुलगी मोठीला धाकटी म्हणून दिली तर दोघी गोड बोलतील आणि दोन आठवड्यांत थांबतील. काकूंना हे पूर्ण पटलं असं म्हणत नाही. पण मागच्या महिन्यात त्यांनी त्यांच्याकडे धुण्याला येणाऱ्या बाईच्या मुलीचं नाव स्वतःहून दिलं, आणि वर मला बजावलं की मुलगी लाजाळू आहे, ओरडणारी अक्का देऊ नकोस.

या वर्षीची यादी माझ्याकडे आहे. अकरा धाकट्या, सहा मोठ्या. अकरामध्ये चार आपल्या समाजाच्या, सगळ्या खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या. एकीला नर्सिंगला जायचं आहे आणि नर्सिंगची मोठी आमच्याकडे नाही, ती शोधतेय. कुणाच्या ओळखीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी असेल तर कळवा. पास झालेली, मोठ्या हुद्द्यावरची सिस्टर नको. शिकत असलेली हवी.

मोठीचं लग्न ठरतंय. मुलगा सांगलीचा, घर चांगलं आहे. बघायला आले तेव्हा तिनं चहाच्या ट्रेबरोबर एक अट ठेवली, आर्टिकलशिप संपल्यावर तारीख, त्याआधी नाही. मुलाच्या आईनं माझ्याकडे चौकशी केली, मुलगी हट्टी आहे का म्हणून. मी म्हटलं, आहे. आमच्याकडची रविवारची जागा आता धाकटी घेतेय. तिला यंदा पहिली धाकटी मिळाली, अकरावीची, तीही कांडीवालीचीच. परवा दोघी वहीवर वाकून बसल्या होत्या. धाकटी तिला विचारत होती, शाळेत असताना काढलेलं दुसरं खातं आहे का ते आईला विचारून ये.